बाइट कुणी खाल्ला? कंट्रोल-एस, बॅकस्पेस आणि टर्मिनलची बाकीची बटणं

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी कळव्याला राहतो. महापेला एका कंपनीत सर्व्हर सपोर्टला लागून चार महिने झाले. गेल्या आठवड्यात रात्रपाळीला एक मोठी टार फाइल, म्हणजे अनेक फायलींचं गाठोडं, सर्व्हरवर उघडत होतो, फायलींची नावं सरसर वर जात होती आणि मध्येच सगळं गोठलं. एंटर दाबलं, अक्षरं दाबली, काहीच उमटेना. शेवटी खिडकी बंद केली, तर काम अर्धवट राहिलं. सिनियर म्हणाले, 'कंट्रोल-एस दाबला असशील.' दाबला होता, सेव्ह करायची सवय. पण एवढ्याने सर्व्हर कसा थांबतो? शिवाय बॅकस्पेसला कधी ^एच का उमटतं, वरच्या बाणाला ^[[ए का येतं, कंट्रोल-सी कधी चालतो आणि कधी ढिम्म हलत नाही, हे एकदा नीट समजवा. नुसती यादी नको, ती पाठ आहे."

अरे, सर्व्हर थांबलाच नव्हता. टारही मेलं नव्हतं. त्याला पुढचं नाव छापायचं होतं, छापायला वाट मिळत नव्हती, म्हणून ते निमूट उभं होतं. तू कंट्रोल-क्यू दाबला असतास तर नावं पुन्हा सरसर धावली असती. काम मारलं ते खिडकी बंद करण्याने. खिडकी गेली, सर्व्हरपर्यंत नेणारं एसएसएचचं कनेक्शन तुटलं, आणि पलीकडच्या कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, टारला "तुझं टर्मिनल गेलं" असा हँग-अपचा सिग्नल पाठवला. तो आला की बहुतेक प्रोग्रॅम मरतात.

मी ऐरोली-महापे पट्ट्यात बावीस वर्षं सर्व्हर सांभाळते आहे, आणि नव्या माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी का सांगत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. आज्ञा मी देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. प्रोग्रॅमला बटण दिसत नाही, त्याला फक्त आकडे मिळतात. तू बटण दाबतोस तेव्हा तीन जण ओळीने उभे असतात. पहिला तुझ्यासमोरचा टर्मिनलचा प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी: पुटी, जीनोम टर्मिनल, जे असेल ते. तो बटणाचा बाइट, म्हणजे आकडा, करतो. दुसरा कर्नलमधला टीटीवायचा थर. तो प्रत्येक बाइट तपासतो, काही स्वतः खातो, काही साठवतो, काही पुढे देतो. तिसरा तुझा प्रोग्रॅम: आज्ञा वाचणारा बॅश, एडिटर विम, टार, किंवा मिळेल ते तसंच छापणारं कॅट. बटण चाललं नाही की मी एकच प्रश्न विचारते: बाइट कुणी खाल्ला?

कंट्रोल बटण काय करतं ते बघ. १९६३ साली आस्की, म्हणजे अक्षरांना आकडे देणारी यादी, ठरली. तिच्यात सात बिटांचे १२८ आकडे आहेत. त्यातले पहिले ३२ आणि शेवटचा १२७ हे छापायचे नाहीत, ते यंत्राला दिलेले हुकूम आहेत. कंट्रोल दाबून अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या आकड्यातले वरचे दोन बिट पुसले जातात, बस. मोठा सी म्हणजे ६७, त्यातून ६४ गेले, उरले ३. लहान सी म्हणजे ९९, वरचे दोन बिट म्हणजे ९६, उरले पुन्हा ३. म्हणून कंट्रोल-सी मोठा काय नि लहान काय, आकडा तोच. एस १९, क्यू १७, डी ४, झेड २६. ^ हे चिन्ह त्याच आकड्यांचं लेखी रूप आहे.

आता याच हिशोबाने एम काढ. ७७ वजा ६४, १३. पण १३ म्हणजे एंटर! आय काढ, ९ आला, तो टॅब. चौकोनी कंस ९१, त्याचा २७, तो एस्केप. म्हणजे टर्मिनलच्या जुन्या पद्धतीत कंट्रोल-आय आणि टॅब यांत काडीचाही फरक नाही, कंट्रोल-एम आणि एंटर यांतही नाही. "मला विममध्ये कंट्रोल-आयला वेगळं काम द्यायचंय, जमत का नाही?" हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. जमत नाही, कारण दोन बटणांचा एकच आकडा झालेला असतो आणि विमला फक्त तो आकडा मिळतो. अलीकडच्या काही टर्मिनलांनी हा फरक कळवायच्या नव्या पद्धती काढल्या आहेत, पण त्या दोन्ही बाजूंना ठाऊक असाव्या लागतात. कॉपीसाठी टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी का दाबावा लागतो, तेही इथेच कळतं. साधा कंट्रोल-सी आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे, आणि शिफ्टसकटचं ते जोड-बटण पहिलाच जण, टर्मिनलचा प्रोग्रॅम, स्वतःकडे ठेवून घेतो.

आता तुझा कंट्रोल-एस. टीटीवाय हे नाव टेलिटाइपवरून आलं. ते टायपरायटरसारखं यंत्र होतं आणि तारेवरून बोलायचं. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. त्याला कागदी पट्टी वाचायची सोय होती, आणि पलीकडच्या संगणकाला ती पट्टी थांबवता-चालवता यावी म्हणून दोन आकडे राखले होते: १९ म्हणजे थांब, १७ म्हणजे चालू कर. पुढे काचेचे टर्मिनल आले. १९७८ सालच्या व्हीटी-१०० ला अक्षरं दाखवायला वेळ पुरेना की तो स्वतःच १९ पाठवून संगणकाला थांबवायचा आणि मोकळा झाला की १७ पाठवायचा. माणसंही तेच वापरत, कारण पडद्यावरून वर गेलेली ओळ परत आणायची सोय नव्हती. वाचेपर्यंत कंट्रोल-एस, वाचून झालं की कंट्रोल-क्यू.

तू दाबलेला १९ हा बाइट टारपर्यंत गेलाच नाही. तो मधल्या टीटीवायने खाल्ला आणि बाहेर जाणारी वाट बंद केली. आणि तू नंतर दाबलेली अक्षरं? ती का उमटली नाहीत? कारण तू टाइप केलेलं पडद्यावर दिसतं तेसुद्धा टीटीवायने परत पाठवलेलं प्रतिबिंब असतं. तेही बाहेर जाणारंच, म्हणून तेही अडलं. पण आत येणारी वाट उघडी होती. तुझी सगळी अक्षरं रांगेत जमा होत होती, आणि टार संपल्यावर बॅशने ती आज्ञा म्हणून वाचली असती. म्हणून गोठलेल्या पडद्यावर वाटेल ती बटणं बडवू नकोस. भलतीच ओळ टाइप होऊन शेवटी एंटर पडला तर ती खरोखर चालते. आधी कंट्रोल-क्यू दाबून बघ. त्याने काही बिघडत नाही.

मीही एकदा या फेऱ्यात सापडले होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पहाटे तीनला, एका ग्राहकाच्या डेटाबेसची भरती चालू होती आणि पडदा थांबला. मी चाळीस मिनिटं डिस्क तपासली, नेटवर्क तपासलं, वरिष्ठांना झोपेतून उठवलं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "कंट्रोल-क्यू दाबलास का?" मी दाबला आणि ओळी धावायला लागल्या. तेव्हापासून कुठलंही टर्मिनल "हँग" झालं की माझं पहिलं बटण तेच असतं.

मधला हा थर काय काय खातो ते बघायचं असेल तर "एसटीटीवाय -ए" ही आज्ञा दे. चार-सहा ओळी येतील, त्यात इंटर म्हणजे ^सी, क्विट म्हणजे ^\, इरेज म्हणजे ^?, किल म्हणजे ^यू, ईओएफ म्हणजे ^डी, स्टॉप ^एस, स्टार्ट ^क्यू, ससपेंड ^झेड असं लिहिलेलं दिसेल. ही सगळी बदलता येतात. जुन्या युनिक्समध्ये तर एक अक्षर खोडायला # आणि अख्खी ओळ खोडायला @ होतं, कारण कागदावर छापलेलं मागे जाऊन पुसता येत नसे.

कंट्रोल-सी कधी चालत नाही? नेहमी चालतो तेव्हा काय होतं ते आधी बघ. ३ हा बाइट टीटीवाय खातो आणि त्याच्या बदल्यात समोर चालू असलेल्या अख्ख्या गटाला इंटरप्टचा सिग्नल पाठवतो. एकाचं छापलेलं दुसऱ्याला मिळावं म्हणून पाइपने जोडलेले तीन प्रोग्रॅम असतील तर तिघांनाही. आता न चालण्याची कारणं आपोआप दिसतील. एक, प्रोग्रॅमने तो सिग्नल पकडून "मला आता मरायचं नाही" असं ठरवलेलं असतं. तिथे कंट्रोल-\ करून बघ, तो वेगळा सिग्नल आहे आणि सहसा कुणी पकडत नाही. दुसरं, विमसारख्या प्रोग्रॅमने टीटीवायला सांगून ठेवलेलं असतं की मला बाइट कच्चेच दे, मधे काही खाऊ नकोस. मग ३ हे साधं बटण म्हणून विमलाच मिळतं. तिसरं आपल्याकडे जास्त दिसतं: प्रोग्रॅम कर्नलच्या आत डिस्कची किंवा मेलेल्या एनएफएस माउंटची, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कची, वाट बघत अडकलेला असतो. चालू प्रोग्रॅमांची यादी देणाऱ्या पीएसमध्ये त्याच्यापुढे डी दिसतो. सिग्नल पोचतो, पण तो घ्यायला प्रोग्रॅम जागेवर नसतो, त्यामुळे जबरदस्तीने मारणारं किल -९ पण अनेकदा चालत नाही. तिथे बटणाचा दोष नाही, माउंट बघ.

आणि चौथं, एसएसएच. तू महापेत बसून दाबलेला ३ तुझ्या लॅपटॉपवरचा टीटीवाय खात नाही, एसएसएचने त्याला आधीच गप्प केलेलं असतं. बाइट तारेवरून पलीकडे जातो आणि पलीकडच्या सर्व्हरवरचा टीटीवाय तो खातो. नेटवर्क तुटलं की खाणाराच पलीकडे राहतो, मग तू कितीही वेळा दाब. अशा वेळी एंटर, मग ~, मग टिंब. हे एसएसएच स्वतः, तुझ्या बाजूलाच, ओळखतं आणि कनेक्शन सोडून देतं. ~ हे ओळीच्या सुरुवातीलाच असावं लागतं, म्हणून आधी एंटर. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलच्या नेटवर काम करणाऱ्यांनी हे तीन ठोके बोटांत बसवून घ्यावेत.

कंट्रोल-झेड मारत नाही, थांबवतो. काही जण त्यालाच बंद करणं समजतात. मग "जॉब्स" दिलं की डझनभर झोपलेले प्रोग्रॅम निघतात, प्रत्येक जण मेमरी धरून बसलेला.

कंट्रोल-डीबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण त्याचा अर्थ जवळजवळ सगळे चुकीचा सांगतात. "फाइल संपल्याची खूण" पाठवली जाते असं म्हणतात, पण अशी कुठलीही खूण जात नाही. साध्या पद्धतीत टीटीवाय तुझी ओळ स्वतःजवळ साठवतो आणि एंटर आलं की प्रोग्रॅमला देतो. कंट्रोल-डी म्हणजे "एंटरची वाट बघू नकोस, जमलंय तेवढं आत्ता दे." हातांनी करून बघ. नुसतं कॅट दे. मग "ठाणे" टाइप कर आणि एंटर न दाबता कंट्रोल-डी दाब. त्याच ओळीत ठाणेठाणे दिसेल. पहिलं तुझं, दुसरं कॅटने छापलेलं. कॅट अजून चालू आहे. आता पुन्हा कंट्रोल-डी. या वेळी साठ्यात काहीच नाही, म्हणून कॅटला शून्य बाइट मिळाले, आणि शून्य बाइट म्हणजे आता काही यायचं नाही, असं समजून ते संपलं. बॅशच्या रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दाबल्यावर लॉगआउट होतं त्याचा अर्थही हाच: पुढे वाचायला काही नाही.

साठवायला मर्यादा आहे, हेही इथेच सांगते. लिनक्समध्ये या साध्या पद्धतीत एक ओळ एंटर धरून ४०९६ बाइटांची. कॅट उघडून लांबलचक किल्ली किंवा टोकन एका ओळीत पेस्ट केलंस तर पुढचं गुपचूप गळून जातं, कुणी चूक दाखवत नाही. तसं काही पेस्ट करायचं असेल तर एडिटरमध्ये कर.

बॅकस्पेसची भानगड ही दोन आकड्यांची आहे. ८ म्हणजे एक घर मागे सरक. १२७ म्हणजे खोड. हा १२७ कागदी पट्टीवरून आला: चुकलेल्या अक्षरावर सातही भोकं पाडली की जुनं काय होतं ते वाचता येत नाही, आणि सातही बिट एक म्हणजे १२७. काही टर्मिनल बॅकस्पेसला ८ पाठवतात, काही १२७. टीटीवाय १२७ ची वाट बघत असेल आणि तुझं टर्मिनल ८ पाठवत असेल, तर तो म्हणतो हे माझं नव्हे, आणि ^एच म्हणून छापून टाकतो. डेटा सेंटरमध्ये जुन्या स्विचच्या कन्सोलला पुटीने जोडलंस की हे हमखास होतं. पुटीच्या कीबोर्ड पानावर या दोनांपैकी एक निवडायची सोय आहे, तिथे बदल. लिनक्सवर बदलायचं तर "एसटीटीवाय इरेज" लिही, एक जागा सोड, कंट्रोल-व्ही दाब, मग तुझं बॅकस्पेस दाब आणि एंटर. कंट्रोल-व्ही म्हणजे पुढचा बाइट खाऊ नकोस, जसाच्या तसा घे. कुठलं बटण काय पाठवतं ते बघायलाही तो फार कामाचा आहे.

आता आपल्या भाषेचा मुद्दा, जो इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. "ठाणे" या शब्दात यूटीएफ-८ प्रमाणे, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटांत लिहायच्या पद्धतीप्रमाणे, १२ बाइट आहेत: ठ, काना, ण आणि मात्रा, प्रत्येकी तीन. शेवटची मात्रा म्हणजे २२४, १६५, १३५. टीटीवायला यूटीएफ-८ ची सेटिंग, "आययूटीएफ८", लावलेली नसेल तर एका बॅकस्पेसला एकच बाइट खोडला जातो. १३५ जातो आणि २२४, १६५ लोंबकळत राहतात. ती मोडकी जोडी फाइलच्या नावात किंवा डेटाबेसमध्ये गेली की चौकटी दिसतात आणि दोष फॉन्टला दिला जातो.

सेटिंग असली तरी सगळं सुटत नाही. कॅटमध्ये "ठाणे" टाइप करून एकदाच बॅकस्पेस दाब. साठ्यातून तिन्ही बाइट, म्हणजे फक्त मात्रा, बरोबर खोडली जाते. पण पडद्यावरून पुसताना टीटीवाय "एक घर मागे, रिकामी जागा, पुन्हा मागे" एवढंच पाठवतो, कारण त्याच्या मते प्रत्येक अक्षराला एक घर. मात्रेला मात्र स्वतःचं घर नसतं, ती ण च्याच घरात बसलेली. त्यामुळे बहुतेक टर्मिनलांत पडद्यावरून ण सकट पुसलं जातं, तुला "ठा" दिसतं, आणि एंटर दाबलंस की कॅट "ठाण" छापतं. डोळ्यांना एक दिसतं आणि साठ्यात दुसरंच असतं. मराठी नावं टर्मिनलवरून भरायची वेळ आली, तर चुकलेली ओळ अर्धवट न खोडता कंट्रोल-यूने सगळी खोडून पुन्हा लिही. मी आमच्या मुलांना हा नियमच घालून दिला आहे.

बाणांकडे वळू. आस्कीत बाणांना आकडा नाही. म्हणून वरचा बाण तीन बाइट पाठवतो: २७, ९१, ६५. म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, मोठा ए. एस्केप हा ^[ असा छापला जातो, त्यामुळे तुला ^[[ए दिसलं. बॅशला या तिन्हींचा अर्थ कळतो, कारण त्याच्यात ओळ टाइप-दुरुस्त करणारी रीडलाइन नावाची लायब्ररी आहे. उबुंटूवर एसएच म्हणून चालणाऱ्या डॅशमध्ये किंवा काही जुन्या डेटाबेस क्लायंटमध्ये ती नसते. तिथे बाइट कुणीच खात नाही आणि ते उघडे पडतात. "आरएलरॅप" लावून तो क्लायंट चालव, बाण आणि इतिहास दोन्ही मिळतील.

या तिघांतला पहिला बाइट आणि नुसतं एस्केप बटण एकच आहे, ही खरी अडचण. २७ आला की प्रोग्रॅमला कळत नाही की माणसाने एस्केप दाबलं की बाण येतोय. म्हणून तो थोडा थांबतो. रीडलाइन अर्धा सेकंद, पडदाभर मांडणी करणाऱ्या एनकर्सेस लायब्ररीवर बांधलेले प्रोग्रॅम मुळात एक सेकंद. नेटवर्क खराब असलं की २७ आधी पोचतो, उरलेले दोन मागून येतात, आणि विममध्ये बाण दाबल्यावर भलतंच काहीतरी होतं. हे फाटकं नेटवर्क आहे, कीबोर्ड बदलू नकोस.

एखाद्या बायनरी फाइलवर कॅट दिलंस आणि नंतर पडद्यावर रेघोट्याच यायला लागल्या, तर १४ नंबरचा बाइट येऊन गेलाय, त्याने अक्षरसंच बदलला. "रीसेट" दे. पासवर्ड विचारत असताना प्रोग्रॅम मेला आणि आता टाइप केलेलं दिसत नाही, तर कंट्रोल-जे, "एसटीटीवाय सेन", पुन्हा कंट्रोल-जे. दिसणार नाही, पण चालेल. एंटरऐवजी कंट्रोल-जे अशासाठी, की कधी कधी एंटरचा १३ बदलून १० करायचं कामही टीटीवायने सोडलेलं असतं.

आता तुझ्यासाठी दोन कामं. मोठं काम यापुढे टीमक्समध्ये सुरू कर. खिडकी गेली तरी टीमक्सचं टर्मिनल सर्व्हरवर जिवंत राहतं, आणि हँग-अपचा सिग्नल तुझ्या टारला येत नाही. दुसरं, तुझ्या बॅशआरसीमध्ये, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, "एसटीटीवाय -आयएक्सऑन" घाल, म्हणजे कंट्रोल-एस खाणं बंद होईल आणि बॅशमध्ये तो इतिहासात पुढे शोधायला मोकळा होईल, जसा कंट्रोल-आर मागे शोधतो. पण ही ओळ "समोर खरं टर्मिनल आहे का" अशी अट घालूनच लिही, नाहीतर एससीपीने फायली पाठवताना ती चूक दाखवत बसते. आणि सिरीयल केबलने जोडलेल्या कन्सोलवर ही सेटिंग काढू नकोस. तिथे पलीकडचं यंत्र अजूनही खरोखर १९ पाठवून "थांब, मला झेपत नाहीये" असं म्हणत असतं, आणि तुझ्या बाजूने ते ऐकलं नाही तर कॉन्फिगरेशनच्या मधल्या ओळी गळतात.